वकील गेल्यावर दप्तर कुठे जातं?

शहादा तालुक्यातल्या कळसाडीचा शेतकरी तारखेला कोर्टात येतो तेव्हा त्याच्या हातात कापडी पिशवी असते. पिशवीत प्लॅस्टिकच्या कागदात गुंडाळलेला सातबारा, फेरफाराचे उतारे, आजोबांच्या वेळच्या खरेदीखताची झेरॉक्स आणि घडीघडीवर फाटलेली एखाद्या निकालाची नक्कल. आवारात तो ज्या वकिलांना शोधतो, ते पुष्कळदा त्याच्या वडिलांनी नेमलेले असतात. मग एखाद्या तारखेला चहाच्या टपरीवर कुणीतरी हळूच सांगतं, 'भाऊ, साहेब तर मागच्या महिन्यात गेले.' वाईट तर वाटतंच, पण त्याच्यापाठोपाठ पोटात गोळा येतो तो कागदांच्या आठवणीने. मूळ खरेदीखत साहेबांकडे दिलं होतं. ते आता कोणाकडे असेल?

मुंबईत ज्यांचे वकील एखादी जुनी सॉलिसिटर फर्म आहे, त्यांना हा प्रश्न सहसा पडत नाही. तिथे माणूस जातो, फर्म राहते. क्रॉफर्ड बेली ही फर्म आपली स्थापना 1830ची सांगते, लिटल अँड कंपनी 1856ची, वाडिया गांधी 1883ची, मुल्ला अँड मुल्ला 1895ची. आपल्या तालुक्याच्या गावी अशी एकही जुनी फर्म का झाली नाही, आणि तरीही तीन-तीन पिढ्यांचे दावे कसे चालत राहिले, हे समजून घ्यायचं तर वकिलीचा व्यवहार आतून कसा चालतो ते पाहावं लागेल.

सुरुवात वकीलपत्रापासून करू. पक्षकार सही करतो, त्यावर कोर्ट फी स्टॅम्प लागतो, वकील खाली 'स्वीकारले' म्हणून सही करतो आणि ते कोर्टात दाखल होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेतल्या तिसऱ्या ऑर्डरच्या चौथ्या नियमात या कागदाचं आयुष्य सांगितलेलं आहे. कोर्टाच्या परवानगीने ते लेखी रद्द होईपर्यंत, किंवा पक्षकार अथवा वकील मरण पावेपर्यंत, किंवा त्या दाव्यातलं सगळं कामकाज संपेपर्यंत वकीलपत्र चालू राहतं. म्हणजे एकट्या वकिलाच्या नावाचं वकीलपत्र त्याच्याबरोबरच संपतं. दावा मात्र संपत नाही. कोर्ट पक्षकाराला दुसरा वकील नेमायला सांगतं आणि पुढची तारीख देतं.

दावा माणसापेक्षा जास्त जगू शकतो, हे जमिनीच्या कामात पाऊल टाकलेल्या प्रत्येकाला माहीत आहे. खालच्या कोर्टात निकाल, जिल्हा न्यायालयात पहिलं अपील, उच्च न्यायालयात दुसरं अपील. मग हुकूमनामा हातात आला की ताब्यासाठी दरखास्त, आणि स्थावराच्या ताब्याची दरखास्त द्यायला मुदत कायद्याने 12 वर्षांची दिलेली. गहाण सोडवण्याची मुदत आज 30 वर्षं आहे. 1908च्या मुदतीच्या कायद्यात ती 60 वर्षं होती. साठ वर्षांनी नातवाने येऊन 'आजोबांनी गहाण टाकलेलं शेत सोडवायचंय' म्हटलं, तर गहाणखत कुणाच्या तरी कपाटात सापडायला हवं. एका वकिलाची वकिली चाळीस, फार तर पन्नास वर्षांची. त्यापुढचं अंतर कोण भरणार?

मुंबईने या प्रश्नाला फर्म हे उत्तर काढलं, पण ते कुणी ठरवून काढलेलं नाही. तिथल्या कोर्टाच्या रचनेतून ते आपोआप तयार झालं. 1824मध्ये मुंबईत सुप्रीम कोर्ट सुरू झालं आणि इंग्लंडची दुहेरी पद्धत इकडे रुजली. कोर्टात उभं राहून बोलायचं बॅरिस्टरने, आणि पक्षकाराला भेटायचं, कागद तपासायचे, दावा तयार करायचा, बॅरिस्टरला ब्रीफ द्यायचं हे सगळं अ‍ॅटर्नीने, म्हणजे सॉलिसिटरने. 1862च्या 14 ऑगस्टला मुंबई उच्च न्यायालयाचं काम सुरू झालं तेव्हा त्याच्या दोन बाजू पडल्या. मुंबई शहरातले मोठे दावे थेट ऐकणारी ओरिजिनल साइड, आणि बाकीच्या इलाख्यातून आलेली अपिलं ऐकणारी अपिलेट साइड. दुहेरी पद्धत टिकली ती ओरिजिनल साइडवर.

तिथे पक्षकाराने बॅरिस्टरच्या दारात थेट जायचं नाही, त्याने सॉलिसिटरकडे जायचं. बॅरिस्टर कितीही नामांकित असला तरी त्याच्याकडे ब्रीफ येतं आणि काम झालं की परत जातं. त्याला भागीदारी करायला मनाई, त्यामुळे त्याचं नाव त्याच्याबरोबरच जायचं. पक्षकाराची ओळख, पत्रव्यवहार, मूळ दस्त, मृत्युपत्रं, ट्रस्टचे कागद, सगळं सॉलिसिटरच्या ऑफिसात साठत गेलं. सॉलिसिटरला भागीदारी करायला मोकळीक होती. एक भागीदार म्हातारा झाला की त्याच्याच हाताखाली आर्टिकल्ड क्लार्क म्हणून शिकलेला तरुण परीक्षा पास होऊन भागीदार व्हायचा. अशी माणसं बदलत गेली, कपाटं जागची हलली नाहीत. मुल्ला अँड मुल्ला अँड क्रेगी ब्लंट अँड कॅरो या लांबलचक नावात तर दोन ऑफिसं एकत्र आल्याचा इतिहासच वाचता येतो. त्यातले मुल्ला म्हणजे सर दिनशा मुल्ला. त्यांची दिवाणी संहितेवरची आणि हिंदू कायद्यावरची पुस्तकं आजही जिल्ह्या-तालुक्याच्या बार लायब्ररीत हाताळून हाताळून मऊ झालेली दिसतात. फर्म मुंबईची, पण पुस्तकामुळे ते नाव शहाद्यालाही घरचं झालं.

फर्म माणसापेक्षा जास्त जगते ती एका वाक्याच्या जोरावर. 1932च्या भागीदारी कायद्याच्या कलम 42प्रमाणे भागीदार मरण पावला की फर्म विसर्जित होते, मात्र भागीदारांनी आपसात वेगळा करार केला असेल तर होत नाही. म्हणून प्रत्येक जुन्या फर्मच्या भागीदारीपत्रात हे कलम जपून घातलेलं असतं, की एखादा भागीदार मरण पावला किंवा निवृत्त झाला तरी उरलेले भागीदार त्याच नावाने काम चालू ठेवतील. वकीलपत्रही फर्मच्या नावाने किंवा सगळ्या भागीदारांच्या नावाने असतं, त्यामुळे एकाच्या जाण्याने ते पडत नाही. या फर्म बराच काळ आटोपशीर राहिल्या याचंही कारण कायद्यातच आहे. जुन्या कंपनी कायद्यामुळे वीसपेक्षा जास्त भागीदार घेता येत नसत, आणि बार कौन्सिलच्या नियमाप्रमाणे वकिलाला वकील नसलेल्या माणसाशी भागीदारी करता येत नाही, फी वाटूनही घेता येत नाही. सावकार किंवा व्यापारी पैसा घालून वकिलीचं दुकान काढू शकत नाही, हा नियम मला फार मोलाचा वाटतो. वकिलाचा मालक त्याचा पक्षकार सोडून दुसरा कुणी असू नये.

या पद्धतीची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. ओरिजिनल साइडवर काम मिळणं पूर्णपणे सॉलिसिटरच्या हातात होतं. डॉ. बाबासाहेब आंबेडकर 1923 साली मुंबईत वकिली करू लागले. ग्रेज इनचा बॅरिस्टर, कोलंबिया आणि लंडनच्या पदव्या, पण सॉलिसिटर मंडळी त्यांना ब्रीफ देईनात. जात आडवी आली. मग त्यांनी अपिलेट साइडचं आणि जिल्ह्या-जिल्ह्यांतलं काम घेतलं, कारण तिथे पक्षकार वकिलाकडे थेट येऊ शकत होता. खानदेशात त्याची खूण आजही आहे. 1937च्या जुलैअखेर ते कोर्टाच्या कामासाठी धुळ्याला आले होते आणि लळिंगच्या लांडोर बंगल्यात उतरले होते. दरवर्षी 31 जुलैला तिथे लोक जमतात. मुंबईच्या फर्मांचं दार ज्यांच्यासाठी उघडलं नाही, त्यांना धुळ्यातल्या पक्षकारापर्यंत पोचायला मधलं दार ओलांडावंच लागलं नाही.

1976 साली अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टमध्ये दुरुस्ती झाली आणि 1977च्या जानेवारीपासून अ‍ॅटर्नी हा कायद्याने वेगळा वर्ग उरला नाही. सगळेच अ‍ॅडव्होकेट झाले. तरीही सॉलिसिटर हा शब्द आणि त्याची परीक्षा मुंबईत टिकून आहे. बॉम्बे इन्कॉर्पोरेटेड लॉ सोसायटी, म्हणजे 1894पासूनची सॉलिसिटरांची संस्था, ती परीक्षा घेते. जुन्या फर्मांनीही आपली कपाटं आणि आपली नावं सोडली नाहीत.

आता आपल्याकडे येऊ. खानदेश 1818मध्ये इंग्रजांकडे गेला आणि धुळे जिल्ह्याचं ठाणं झालं. 1906 साली पूर्व आणि पश्चिम खानदेश असे दोन भाग पडले. शहादा आणि नंदुरबार पश्चिमेला, म्हणजे पुढच्या धुळे जिल्ह्यात, आणि 1 जुलै 1998ला स्वतंत्र नंदुरबार जिल्ह्यात आले. या सगळ्या मुलखात दुहेरी पद्धत कधीच नव्हती. सनद मिळालेला वकील सगळंच करायचा. पक्षकाराची हकीकत ऐकायची, दावा लिहायचा, साक्षी तपासायच्या, युक्तिवादही करायचा. (वकिलीच्या परवान्याला आपण अजूनही 'सनद' म्हणतो. किती जुना शब्द आपण रोज वापरतो!) कागद ठेवणारा आणि बोलणारा अशी दोन वेगळी माणसं नसल्यामुळे कागद ठेवणाऱ्याची वेगळी संस्था उभी राहिली नाही.

तरीही एक साखळी होतीच. अपील मुंबईला गेलं की धुळ्याचे वकील टिपण काढून, नकला जोडून, मुंबईतल्या अपिलेट साइडच्या ओळखीच्या वकिलांकडे पाठवत. एका जिल्ह्याची कामं ठरावीक एक-दोन वकिलांकडे वर्षानुवर्षं जात. 1981मध्ये औरंगाबादला खंडपीठ सुरू झालं आणि धुळ्याकडची, म्हणजे आता नंदुरबारचीही, अपिलं तिकडे जाऊ लागली. मुंबईतलं सॉलिसिटर आणि बॅरिस्टर हे नातं इथे तालुक्याचा वकील आणि हायकोर्टाचा वकील असं झालं. फक्त त्याला फर्मचं नाव नव्हतं, भागीदारीपत्र नव्हतं. विश्वास आणि पोस्टाची पाकिटं एवढ्यावर ते चाललं.

फर्मच्या जागी आपल्याकडे तीन माणसं उभी राहिली. एक वकिलाचा मुलगा किंवा पुतण्या. दुसरा ज्युनिअर, जो सिनियरच्या टेबलाच्या कडेला बसून दहा वर्षं तारखा घेतो. आणि तिसरा कारकून. माझ्या मते दप्तराचा खरा राखणदार हा तिसरा. डायरी त्याच्या हातात असते. कुणाची तारीख कधी, कुणाची निशाणी 5 बोर्डावर, कुणाची नक्कल तयार झाली, कुणाची कोर्ट फी भरायची राहिली, हे सगळं त्याला पाठ असतं. वकील गेले आणि मुलगा डॉक्टर झालेला असला, तर पक्षकार कारकुनाला विचारूनच दुसरा वकील धरतो. बहुतेक वेळा ज्युनिअरचं ऑफिस त्याच गल्लीत असतं, आणि कारकून डायरी घेऊन तिकडे गेलेला असतो.

जुन्या वकिलाच्या ऑफिसात एखादा रुमाल सोडून पाहिला तर हे सगळं डोळ्यांसमोर येतं. रुमाल म्हणजे लाल मांजरपाटाचा चौकोन, चारी टोकं आत घेऊन वर गाठ. गाठीखाली पुठ्ठ्याची चिठ्ठी, तिच्यावर दाव्याचा नंबर, साल आणि दोन्ही बाजूंची नावं. उलगडल्यावर सगळ्यात वर रोजनाम्याची नक्कल. त्याखाली दावा म्हणजे निशाणी 1, मग तात्पुरत्या मनाईचा अर्ज म्हणजे ती निशाणी 5, जिच्यावरून निम्म्या दाव्यांचा कल ठरतो. मग कैफियत, मुद्दे, कागदयादी, साक्षींच्या नकला. मधे वकिलाच्या हातची टिपणं, पाठकोऱ्या कागदावर पेन्सिलीने, 'उलटतपासणीत विहिरीचं विचारणे' अशी. आणि सगळ्यात खाली वेगळ्या पाकिटात मूळ दस्त. वाळवी लागू नये म्हणून कडुनिंबाचा पाला टाकलेला असतो, आता वाळून त्याचा भुगा झालेला.

हा रुमाल नीट राहिला तर त्याला कायद्यात वजन येतं. पुरावा कायद्याच्या जुन्या कलम 90प्रमाणे, आणि आताच्या भारतीय साक्ष अधिनियमातही, 30 वर्षं जुना दस्त 'योग्य ताब्यातून' हजर झाला तर त्यावरच्या सह्या आणि अक्षर खरं आहे असं कोर्ट धरू शकतं. साक्षीदार मेलेले, लिहिणारा मेलेला, तरी कागद बोलतो. योग्य ताबा म्हणजे काय हे समजावायला जुन्या कायद्यात उदाहरणं दिली होती. त्यातलं एक असं, की एकाने आपल्या जमिनीचे दस्त जवळच्या माणसाकडे सांभाळायला दिले आणि त्याने ते हजर केले, तर तो ताबा योग्य. वकिलाचं कपाटही त्याच न्यायाने चालतं. पण दस्त कुठल्याशा माळ्यावर कसा आला हेच सांगता आलं नाही, तर त्याचं म्हातारपण काही कामाचं नाही.

कागद जपण्याची ही सवय धुळ्याच्या वकिलांनी कोर्टाबाहेरही नेली. इतिहासाचार्य वि. का. राजवाडे 1926च्या डिसेंबरअखेर धुळ्यात वारले. त्यांनी गावोगाव फिरून जमवलेली दप्तरं उघड्यावर पडली असती. 1927मध्ये त्यांच्या नावाने धुळ्यात संशोधन मंडळ उभं राहिलं, आणि ते उभं करणाऱ्यांत भास्कर वामन भट यांच्यासारखे वकील होते. शंकर श्रीकृष्ण देवांनी समर्थ संप्रदायाची बाडं जमवली, तेही वकिलीच्या सनदेचे. पक्षकाराचा दस्त ज्या निगुतीने ठेवायचा, त्याच निगुतीने या माणसांनी महाराष्ट्राचे दस्त ठेवले. माझ्या लेखी खानदेशातली सगळ्यात जुनी आणि मोठी वकिली कामगिरी हीच.

शहाद्याच्या बाबतीत मात्र एक फार मोठा विषय असा आहे, जिथे वकिलाला बाहेरच ठेवलं गेलं. तापी-गोमाईच्या काळ्या जमिनीवर भिलांची शेतं गहाणात, कर्जात, साध्या अंगठ्यावर दुसऱ्यांच्या नावे झाली होती. 1970च्या सुमारास इथे अंबरसिंग महाराजांच्या पुढाकाराने चळवळ उभी राहिली, 1972मध्ये श्रमिक संघटना झाली, आणि गेलेल्या जमिनींचा प्रश्न महाराष्ट्राला ऐकावा लागला. 1974चा आदिवासींना जमिनी परत देण्याचा कायदा याच काळातला. 1 एप्रिल 1957 ते 6 जुलै 1974 या काळात आदिवासीची जमीन बिगर आदिवासीकडे गेली असेल तर तिची चौकशी होऊन ती परत मिळू शकते, आणि त्यापुढची हस्तांतरणं जमीन महसूल संहितेच्या कलम 36-अ ने जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बंद झाली.

या 1974च्या कायद्यात पुढे कलम 9-अ आलं. त्याप्रमाणे या प्रकरणांत जिल्हाधिकारी, आयुक्त किंवा महसूल न्यायाधिकरण यांच्यासमोर कुणाही पक्षातर्फे वकिलाला उभं राहता येत नाही. लिंगप्पा पोचन्ना विरुद्ध महाराष्ट्र शासन या 1984च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने हा कायदाही उचलून धरला आणि हे कलमही. जमीन गमावलेला माणूस वकील करू शकणार नाही, जमीन घेतलेला मोठ्यातला मोठा करेल, आणि ही लढत बरोबरीची होणार नाही, हा त्यामागचा विचार. वकिलीबद्दल आदर बाळगूनही मला तो निर्णय रास्त वाटतो. पण त्याचा एक परिणाम दप्तराच्या बाजूने पाहिला पाहिजे. वकील नाही, म्हणजे रुमालही नाही. आदिवासी कुटुंबाचे कागद जपणारं तालुक्यात कुणीच उरलं नाही. जे काही राहिलं ते सरकारी अभिलेखात, अ वर्गाच्या लाल कापडात, किंवा घरातल्या पत्र्याच्या पेटीत. अशा घरी ती पेटीच वकिलाचं कपाट असते.

म्हणून कळसाडीच्या किंवा कुठल्याही गावच्या माणसाने काही गोष्टी आपल्या हातात ठेवाव्यात. वकील बदलायचा असेल तर आधीच्या वकिलांची लेखी संमती घ्यायची, तिला सगळे एनओसीच म्हणतात. ती मिळत नसेल तर नवे वकील कारण सांगून कोर्टाची परवानगी मागू शकतात. फी राहिली म्हणून जुने वकील कागद अडवून ठेवू शकत नाहीत. आर. डी. सक्सेना विरुद्ध बलराम प्रसाद शर्मा या 2000 सालच्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की फीच्या थकबाकीसाठी पक्षकाराच्या कागदांवर वकिलाला बोजा ठेवता येत नाही. फीसाठी त्यांनी वेगळा मार्ग धरावा, कागद पक्षकाराचे. वकील वारले असतील तर त्यांच्या घरच्यांकडे किंवा कारकुनाकडे जाऊन मूळ दस्त मागून घ्यावेत, आणि मिळाल्याची पोच लिहून द्यावी. दाव्याचा सोळा अक्षरी-अंकी सीएनआर नंबर पेटीच्या झाकणाच्या आतून लिहून ठेवावा. तो असला की मोबाइलवर पुढची तारीख दिसते. अनुसूचित जमातीच्या माणसाला आणि कुठल्याही महिलेला विधी सेवा समितीकडून मोफत वकील मिळतो, त्यांना उत्पन्नाची अट नाही. अर्ज शहाद्याच्या कोर्टातच करता येतो.

आणि वकिलांकडे मूळ कागद देताना दोन प्रतींत यादी करायची. कागदाचा प्रकार, तारीख, दस्त क्रमांक, पानं किती, मूळ की नक्कल. खाली 'मिळाले' म्हणून वकिलांची किंवा कारकुनाची सही आणि तारीख. एक प्रत रुमालात जाते, दुसरी घडी करून पिशवीत, सातबाऱ्याच्या शेजारी.